चयापचयी प्रतिमांकन आणि उपचाराचे भाकीत : एका दाव्याचे परीक्षण

अर्बुदावर चाललेला उपचार लागू पडत आहे किंवा नाही, हे शक्य तितक्या लवकर कळावे, ही कर्करोगचिकित्सेची जुनी गरज आहे. दीर्घकाळ तिची पूर्तता गाठीचा आकार मोजूनच करण्यात येत असे. जागतिक आरोग्य संघटनेने १९७९ साली जे निकष प्रसिद्ध केले, त्यांत गाठीच्या दोन परस्परलंब व्यासांचा गुणाकार निम्म्याने घटणे ही प्रतिसादाची खूण मानली होती. २००० साली पुढे आलेल्या ‘रेसिस्ट’ निकषांनी ती खूण सर्वांत लांब व्यासांच्या बेरजेतील ३० टक्के घटीवर आणून ठेवली. या दोन्ही मापांत एक उणीव समान आहे. पेशी मरणे आणि गाठ आक्रसणे यांमध्ये बराच काळ जातो. शिवाय हॉजकिनच्या रोगात छातीच्या मध्यभागी राहणारी गाठ पुष्कळदा केवळ तंतुमय व्रणाची असते; तिच्यात रोगाचा मागमूसही नसतो, तरी मोजपट्टीला ती गाठच दिसते. आकार बदलण्यापूर्वी पेशींचा चयापचय बदलतो, यास्तव चयापचयाचे चित्र घेतल्यास उपचाराच्या फलाचे भाकीत आगाऊ करता येईल, असा दावा या पार्श्वभूमीवर पुढे आला आणि गेल्या तीन दशकांत तो सर्वमान्य झाला.

हा दावा निराधार नाही. तथापि त्यातील ‘भाकीत’ हा शब्द निदान तीन निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो आणि एका अर्थाने मिळालेला पुरावा दुसऱ्या अर्थाच्या समर्थनार्थ पुढे केला जातो. हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. हॉजकिनचा रोग पुष्कळदा ऐन तारुण्यात होतो. त्या रुग्णाला आणखी औषध द्यावयाचे की कमी करावयाचे, छातीवर किरणोपचार करावयाचे की टाळावयाचे, हे निर्णय आज अशा चित्रावरून घेतले जातात. आणि त्या निर्णयांची फळे रुग्ण वीस-तीस वर्षे भोगतो. म्हणून दाव्याचे घटक सुटे करून पाहणे अगत्याचे आहे.

१

प्रथम चित्र कशाचे असते, ते पाहावयास हवे. अर्बुदाचे छेद भरपूर ऑक्सिजन असतानाही ग्लुकोजपासून मोठ्या प्रमाणावर लॅक्टिक आम्ल तयार करतात, हे ऑटो वारबुर्ग यांनी बर्लिन येथे १९२० नंतरच्या दशकात दाखविले. श्वसनयंत्रणेत बिघाड होणे हेच कर्करोगाचे मूळ कारण, असा जो सिद्धांत त्यांनी त्यावर उभारला आणि १९५६ सालापर्यंत आग्रहाने मांडला, तो पुढील संशोधनात टिकला नाही. बहुतेक अर्बुदांतील सूत्रकणिका काम करीत असतात. निरीक्षण मात्र टिकले. सिद्धांत पडला तरी निरीक्षण उभे राहते आणि त्यावर एक उपयुक्त साधन बांधता येते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

ते साधन म्हणजे फ्लुओरोडीऑक्सिग्लुकोज. ग्लुकोजच्या दुसऱ्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटाच्या जागी फ्लुओरिन-१८ बसविला, की हा पदार्थ होतो. ग्लुकोजचे वाहक त्याला पेशीत घेतात, हेक्झोकायनेज हे एंझाइम त्याला फॉस्फेट जोडते. परंतु पुढील पायरी त्याला चढता येत नाही आणि तो पेशीतच अडकून पडतो. फ्लुओरिन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटांचे आहे. त्यातून निघालेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनशी मिळून नष्ट होताना ५११ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे दोन फोटॉन परस्परविरुद्ध दिशांना जातात आणि ते एकाच वेळी टिपून त्यांचे उगमस्थान ठरविता येते. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत तयार केलेला हा पदार्थ १९७६ च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रथम मानवाला देण्यात आला. त्या वेळी उद्दिष्ट मेंदूच्या अभ्यासाचे होते, अर्बुदांच्या नव्हे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. चित्रात दिसते ते ग्लुकोजचे ग्रहण व फॉस्फेटीकरण. पेशी जिवंत आहे की मृत, ती दुभंगणार आहे की नाही, औषधाला ती दाद देणार की नाही, यांपैकी काहीही चित्रात प्रत्यक्ष दिसत नाही. ते सारे अनुमानाने काढावे लागते. त्यातही ग्रहणाचा जो आकडा दिला जातो, ते प्रमाणित ग्रहण-मूल्य, म्हणजे ऊतीतील किरणोत्सारितेला शरीराच्या दर एकक वजनामागे दिलेल्या मात्रेने भागून आलेले गुणोत्तर होय. रक्तातील साखर, पदार्थ टोचल्यानंतर गेलेला वेळ, रुग्णाचे वजन, यंत्राची घडण व प्रतिमा रचण्याची गणिती रीत, या सर्वांनी हा आकडा हलतो. १९९९ सालच्या युरोपीय शिफारशींनी एकाहून अधिक आवर्तनांनंतर २५ टक्क्यांहून अधिक घट ही प्रतिसादाची सीमा मानली. २००९ सालच्या ‘पर्सिस्ट’ निकषांनी ३० टक्के मानली आणि तिला किमान ०.८ एककांच्या प्रत्यक्ष घटीची जोड दिली. या सीमा निसर्गाने आखलेल्या नाहीत. मापनातील अनिश्चितता ओलांडून जाईल एवढा फरक कोणता, याविषयीचे ते करार आहेत.

२

आता ‘भाकीत’ या शब्दाचे तीन अर्थ वेगळे करता येतात. पहिला अर्थ मापनाचा : उपचाराचा परिणाम आरंभीच झाला आहे, एवढेच चित्र सांगते. दुसरा अर्थ भविष्यसूचनेचा : चित्र निवळलेले रुग्ण पुढे बरे राहतात आणि चित्र उजळ राहिलेले रुग्ण खालावतात. तिसरा अर्थ निवडीचा : चित्र पाहून उपचार बदलल्यास रुग्णाचे हित होते. चिकित्सकाला हवा असतो तो तिसरा अर्थ. ग्रंथांत विपुल पुरावा मिळतो तो दुसऱ्याचा. आणि यंत्र प्रत्यक्षात करते ते पहिले.

पहिल्या अर्थाचे सर्वांत निर्मळ उदाहरण जठरांत्रातील स्ट्रोमल अर्बुदांचे आहे. या अर्बुदांवर इमॅटिनिब हे औषध सुरू केल्यानंतर चोवीस तासांच्या आतही ग्लुकोजचे ग्रहण झपाट्याने उतरू शकते, असे २००२ सालापर्यंत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसून आले. त्या वेळी गाठीचा आकार तसाच असतो. येथे चित्राने आकाराच्या मापाला मागे टाकले, यात शंका नाही. परंतु उतरलेले ग्रहण म्हणजे मेलेली पेशी, असे जो समजेल त्याची फसगत होईल. हे औषध ज्या किट रेणूचा कार्यमार्ग रोखते, त्याच मार्गाच्या हुकमाने ग्लुकोजचे वाहक पेशीच्या पृष्ठभागावर येत असतात. मार्ग बंद झाला की वाहक मागे फिरतात आणि चित्र निवळते. फ्रान्समधील ‘बीएफआर-१४’ चाचणीत एक वर्षाच्या यशस्वी उपचारानंतर औषध थांबविलेल्या बहुतेक रुग्णांत रोग पुन्हा बळावला, हे २००७ साली प्रसिद्ध झाले. तात्पर्य, औषध आपल्या लक्ष्यावर पोहोचले हे चित्राने बिनचूक सांगितले होते. रोग संपला असे चित्राने कधीच म्हटले नव्हते. ते वाक्य वाचणाराने आपल्या पदरचे घातले होते.

३

दुसऱ्या अर्थाचा पुरावा हॉजकिनच्या रोगात सर्वांत बळकट आहे. एबीव्हीडी या चार औषधांच्या उपचाराची दोन आवर्तने झाल्यावर घेतलेले चित्र पुढील स्थिती सुचविते काय, हे इटली व डेन्मार्क येथील संशोधकांनी २६० रुग्णांत तपासले आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोग न बळावता दोन वर्षे काढणाऱ्यांचे प्रमाण चित्र निवळलेल्यांत ९५.० टक्के होते, तर चित्र उजळ राहिलेल्यांत केवळ १२.८ टक्के. रक्ताच्या व अन्य तपासण्यांवर बेतलेला पूर्वीचा आंतरराष्ट्रीय गुणांक या चित्रापुढे फिका पडला. एवढी तफावत चिकित्साशास्त्रात क्वचितच दिसते आणि ‘भाकीत’ हा शब्द रूढ झाला तो प्रामुख्याने या आकड्यांच्या बळावर.

तथापि या आकड्यांचे आयुष्य त्या एका अभ्यासापुरते होते काय, हा प्रश्न विचारणे प्राप्त आहे. २००९ साली फ्रान्समधील दोव्हिल येथे वाचनाची पाच पायऱ्यांची श्रेणी ठरली. तीत अर्बुदाच्या उजळपणाची तुलना मध्यवक्षातील रक्ताशी व यकृताशी केली जाते, आणि यकृताहून उजळ असणाऱ्या चौथ्या व पाचव्या पायऱ्या सामान्यतः प्रतिकूल मानल्या जातात. या श्रेणीचा अवलंब करून झालेल्या ‘राथल’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. दोन आवर्तनांनंतर ज्या १,११९ रुग्णांचे चित्र घेतले, त्यांपैकी ८३.७ टक्क्यांचे चित्र निवळलेले होते. त्यांची यादृच्छिक विभागणी करून अर्ध्यांना पूर्वीचाच उपचार दिला व अर्ध्यांच्या उपचारातून ब्लिओमायसिन वगळले. रोग न बळावता तीन वर्षे काढणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ८५.७ व ८४.४ टक्के आले. ब्लिओमायसिनमुळे फुफ्फुसांना होणारी इजा ध्यानात घेता हा निष्कर्ष मोलाचा आहे आणि तो व्यवहारात आला, हे योग्यच झाले. जरी फरकाची वरची विश्वास-मर्यादा ५.३ टक्क्यांवर जाऊन पूर्वनियोजित ५ टक्क्यांची रेषा किंचित ओलांडून गेली होती, हेही नमूद केले पाहिजे.

परंतु याच चाचणीतून दुसरी एक गोष्ट हिशेबाने निघते, जिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. चित्र निवळलेल्या सुमारे ९३७ रुग्णांपैकी तीन वर्षांत साधारण १५ टक्क्यांत रोग बळावला किंवा मृत्यू ओढवला, म्हणजे सुमारे १४० जणांत. चित्र उजळ राहिल्यामुळे अधिक तीव्र उपचार मिळालेले रुग्ण १७२. त्यांच्यात तीन वर्षांचे अनुकूल प्रमाण ६७.५ टक्के, म्हणजे प्रतिकूल घटना सुमारे ५६. अर्थात् ज्यांचा रोग पुढे उलटला, त्यांच्यापैकी बहुसंख्य जण ‘चांगले चित्र’ असलेल्या गटातले होते. समूहाविषयी चित्र खरे बोलत होते. परंतु ज्या रुग्णांसाठी भाकिताची खरी गरज होती, त्यांच्यातील बहुतेकांना ते ओळखू शकले नाही. टक्केवारीची भाषा हे झाकते. माणसे मोजली की ते उघडे पडते.

याच्या उलट बाजूचा पुरावा जर्मन संशोधकांच्या ‘एचडी-१८’ या चाचणीत आहे. तेथे आरंभापासूनच वाढीव बीकॉप हा अधिक तीव्र उपचार दिला गेला. दोन आवर्तनांनंतर ज्यांचे चित्र उजळ होते, त्यांना तोच उपचार, रिटुक्सिमॅबविना अथवा रिटुक्सिमॅबसह, पुढे देण्यात आला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षे रोग न बळावणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ९१.४ व ९३.० टक्के होते. तेथे उजळपणाची सीमा अधिक खाली, म्हणजे तिसऱ्या पायरीपासून, धरली होती. त्यामुळे दोन अभ्यासांची सरळ तुलना करता येत नाही. तरीही १२.८ आणि ९१.४ यांतील अंतर केवळ सीमेच्या फरकाने भरून निघणारे नाही. म्हणून असे म्हणणे भाग आहे, की उजळ चित्र हा अर्बुदाचा अंगभूत गुणधर्म नसून अर्बुद, दिलेला उपचार, वाचनाची सीमा व पाहण्याची वेळ या चौघांतील तो एक संबंध आहे. उपचार बदलला की भाकीतही बदलते. ज्या ग्रंथांत ‘पेट-चित्र हॉजकिनच्या रोगाचे भवितव्य सांगते’ असे सामान्य विधान येते, त्यांत ही चार पदे गाळलेली असतात.

४

तिसऱ्या अर्थाची, म्हणजे निवडीची, कसोटी सर्वांत कठीण आहे. तिच्यासाठी चित्र पाहणे पुरेसे नाही. चित्रानुसार वागणे आणि न वागणे यांची तुलना करावी लागते. अशा चाचण्या थोड्या आहेत आणि त्यांची उत्तरे एकसारखी नाहीत.

मर्यादित रोगासाठी झालेल्या ‘एच-१०’ चाचणीत दोन एबीव्हीडी आवर्तनांनंतर चित्र उजळ राहिलेल्या ३६१ रुग्णांपैकी काहींना तोच उपचार व काहींना वाढीव बीकॉप देण्यात आले. किरणोपचार दोघांनाही मिळाले. पाच वर्षांनंतर अनुकूल प्रमाण अनुक्रमे ७७.४ व ९०.६ टक्के आले, असे २०१७ साली जाहीर झाले. हा निवडीच्या अर्थाला मिळालेला सबळ आधार आहे. कठोर तर्काने पाहिले तर तीव्र उपचाराचा लाभ उजळ चित्राच्या रुग्णांनाच होतो हे येथे सिद्ध झालेले नाही, कारण निवळलेल्या चित्राच्या रुग्णांना तो उपचार दिलाच नव्हता. परंतु त्यांची स्थिती सौम्य उपचारावरच चांगली असल्याने तीव्र औषधांचा भार त्यांच्यावर टाकण्याचे कारण नव्हते, आणि व्यवहारात एवढा युक्तिवाद पुरतो.

‘रॅपिड’ या ब्रिटिश चाचणीने उलट प्रश्न विचारला : चित्र निवळले असता किरणोपचार गाळता येतील काय? तीन आवर्तनांनंतर ५७१ पैकी ४२६ रुग्णांचे चित्र निवळलेले होते. किरणोपचार नेमून दिलेल्यांत तीन वर्षांचे अनुकूल प्रमाण ९४.६ टक्के, तर न दिलेल्यांत ९०.८ टक्के आले (२०१५). किरणोपचार गाळणे हे तुल्यबळ आहे असे संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाले नाही. म्हणजे निवळलेल्या चित्रामागेही थोडा रोग शिल्लक असतो आणि किरणे तो मारतात. दुसऱ्या पारड्यात तरुण स्त्रियांच्या छातीवरील किरणांमुळे पुढे उद्भवणारा स्तनाचा कर्करोग व हृदयविकार आहे. ही दोन पारडी कशी तोलावीत, हे चित्र सांगत नाही. ते रुग्ण व वैद्य यांनी मिळून ठरवावे लागते.

जेथे दुसरा अर्थ खरा ठरतो व तिसरा कोसळतो, असे उदाहरण ‘पेटल’ या जर्मन चाचणीचे आहे. आक्रमक लिम्फोमांत दोन आवर्तनांनंतर ग्रहण-मूल्यात ६६ टक्क्यांहून अधिक घट न झालेल्या १०८ रुग्णांना प्रचलित आर-चॉप किंवा अधिक तीव्र असा बर्किट-उपचार देण्यात आला. प्रतिकूल घटनेविना दोन वर्षे काढणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात ४२.० टक्के, तर दुसऱ्यात ३१.६ टक्के निघाले (२०१८). संकटाची सूचना खरी होती. परंतु हाती असलेल्या पर्यायाने ते टळले नाही आणि औषधांचा त्रास मात्र वाढला. धोका ओळखणे आणि धोक्यावर उपाय असणे या भिन्न गोष्टी आहेत, हा या चाचणीचा धडा होय.

अन्ननलिका व जठर यांच्या संधीस्थानी होणाऱ्या अर्बुदांविषयीच्या म्युनिक येथील ‘म्युनिकॉन’ अभ्यासाची (२००७) योजना या दृष्टीने अधिक विनम्र होती. रसायनोपचार सुरू केल्यावर दोन आठवड्यांत ग्रहण ३५ टक्क्यांनी न घटल्यास तो उपचार थांबवून रुग्णाला थेट शस्त्रक्रियेकडे नेण्यात आले. प्रतिकूल घटनेविना गेलेला मध्यक काळ प्रतिसाद देणाऱ्यांत २९.७ महिने, तर न देणाऱ्यांत १४.१ महिने होता. येथे यादृच्छिक तुलना नव्हती, ही उणीव आहे. परंतु या अभ्यासाने चित्राकडून मागितले ते चमत्कारिक औषध नव्हे. निष्फळ उपचाराचा त्रास थांबविण्याची परवानगी तेवढी मागितली. असे माफक मागणे हे या साधनाच्या प्रकृतीशी अधिक जुळते.

५

उजळपणाचा अर्थ लावताना आणखी एक प्रश्न उभा राहतो. अर्बुदातील सारा उजळपणा कर्कपेशींचाच असतो असे नाही. महाभक्षक पेशी व नवा व्रणऊतक हेही ग्लुकोज मोठ्या प्रमाणावर घेतात, हे जपानमधील कुबोता व सहकाऱ्यांनी १९९२ साली उंदरांतील अर्बुदांवर दाखविले. जो उपचार यशस्वी होऊन दाह उत्पन्न करतो, तोही यामुळे अपयशासारखा दिसू शकतो. प्रतिरक्षा-उपचारांत ही अडचण इतकी वाढली, की लिम्फोमासाठी २०१६ साली सुचविलेल्या निकषांत ‘अनिर्णित प्रतिसाद’ असा स्वतंत्र वर्गच ठेवावा लागला. आपल्या शास्त्राला अनिर्णित म्हणण्याची सोय ठेवणे हे दुबळेपणाचे लक्षण नसून प्रौढपणाचे आहे.

भारताच्या दृष्टीने या प्रश्नाला विशेष धार आहे. मुंबईत परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली या तंत्राचा देशात आरंभ झाला आणि आता महाराष्ट्रातील अनेक शहरांत ही यंत्रे आहेत. याच प्रदेशात क्षयरोग सर्वत्र आढळतो आणि क्षयाच्या लसीका-ग्रंथी चित्रात अर्बुदाइतक्याच उजळ दिसू शकतात. उपचाराने दुबळ्या झालेल्या शरीरात सुप्त क्षय जागा होणे हे अशक्य नाही. वर दिलेल्या चाचण्या मुख्यतः ज्या पाश्चात्त्य समाजांत झाल्या, तेथे क्षय दुर्मिळ आहे. उजळ चित्राचे पूर्वसूचक मूल्य रोगाच्या व अन्य कारणांच्या स्थानिक प्रमाणावर अवलंबून असते. त्यामुळे तेथील आकडे येथे जसेच्या तसे लागू करणे तर्कदुष्ट आहे. तीव्र उपचाराकडे वळण्यापूर्वी उजळ गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, हा येथे ऐच्छिक शिष्टाचार नसून पद्धतीचा अविभाज्य भाग मानावा लागेल.

या मर्यादा नव्या तंत्रांनी आपोआप दूर होतील, अशीही आशा व्यक्त होते. अतिध्रुवित कार्बन-१३ युक्त पायरुव्हेट टोचून त्याचे लॅक्टेटमध्ये होणारे रूपांतर चुंबकीय चित्रणाने प्रत्यक्ष पाहण्याची रीत २००३ सालच्या शोधामुळे शक्य झाली. २००७ साली केंब्रिज येथे उंदरांतील लिम्फोमात औषधानंतर हे रूपांतर मंदावल्याचे दिसले, आणि २०१३ साली प्रोस्टेटचा कर्करोग असलेल्या ३१ रुग्णांत या रीतीचा पहिला मानवी प्रयोग प्रसिद्ध झाला. येथे केवळ साठा नव्हे, तर प्रक्रियेचा वेग दिसतो, हा खरा लाभ आहे. परंतु वेग दिसला म्हणून भाकीत सिद्ध होत नाही. या तंत्रालाही मापनापासून भविष्यसूचनेपर्यंत आणि तेथून निवडीपर्यंतचे तेच दोन टप्पे स्वतःच्या पायांनी चढावे लागतील.

एकूण विचार करता चयापचयी प्रतिमांकनाने चिकित्सेला दिलेली देणगी मोठी आहे. निवळलेल्या चित्रामुळे अनेक तरुण रुग्णांची फुफ्फुसे ब्लिओमायसिनपासून वाचली, हे एकच फळ तिच्या सार्थकतेला पुरेसे आहे. आक्षेप साधनावर नसून त्याच्या नावाने केल्या जाणाऱ्या विधानांवर आहे. या विषयावरील कोणत्याही प्रबंधाने यापुढे निदान तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत : कोणत्या उपचारानंतर, किती काळाने व कोणती सीमा धरून चित्र वाचले, ती सीमा निष्कर्ष पाहण्यापूर्वी ठरली होती की नंतर, आणि चित्रानुसार वागल्याने रुग्णाचे काय भले झाले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नसतील तर तो अभ्यास पुन्हा पडताळता येत नाही. तिसऱ्याचे उत्तर नसेल तर तो अभ्यास उपयुक्त असू शकतो. मात्र त्याला भाकीत न म्हणता मापन म्हणावे. तसे म्हटल्याने त्याची प्रतिष्ठा कमी होत नाही, आणि ज्याच्या शरीरावर त्या शब्दाचा परिणाम व्हावयाचा, त्या रुग्णाची फसवणूक टळते.